जाहिरातीची ऑडिशन: ओळ पाठ करण्याआधीची तयारी

जाहिरातीच्या ऑडिशनला कॅमेऱ्यासमोर दोन-तीन मिनिटं मिळतात. नाव-उंची सांगणं आणि चेहरा डावी-उजवीकडे वळवून दाखवणं वजा केलं, तर अभिनयाला एखादं मिनिट उरतं. ज्या जाहिरातीसाठी हे सगळं चाललंय ती असते २० किंवा ३० सेकंदांची. त्यातले काही सेकंद वस्तूचे, काही दुसऱ्या पात्राचे आणि शेवटचे कंपनीच्या नावाचे. तुमच्या वाट्याला एखादी ओळ येते, कधी तीही येत नाही. तरीही बहुतेक जण घरी घोकतात ती तेवढी एक ओळच. माझ्या मते ओळ हा तयारीतला सर्वांत सोपा भाग आहे. ओळीच्या आधी चेहऱ्यावर काय घडतं आणि ओळ संपल्यावर तो चेहरा कुठे जातो, यावर टेप, म्हणजे ऑडिशनचं रेकॉर्डिंग, पुढे सरकते किंवा मागे पडते.

टीव्हीवरची पहिली अधिकृत जाहिरात १ जुलै १९४१ रोजी न्यूयॉर्कमध्ये दाखवली गेली. बुलोवा या घड्याळ कंपनीची ती जाहिरात जेमतेम १० सेकंदांची होती. पडद्यावर अमेरिकेचा नकाशा, त्यावर घड्याळ आणि मागून एक आवाज. माणूस नव्हताच. म्हणजे वस्तू दाखवायला आणि तिचं नाव सांगायला नट लागत नाही. पैसे मोजून नट घेतात तो वस्तूला जे जमत नाही त्यासाठी: वाट बघणं, चिडणं, खजील होणं, सुटका झाल्यासारखं वाटणं. तयारी याच गोष्टींची करायची आहे.

तुमची टेप कोण बघतं

खोलीत तुमची ऑडिशन घेणारी व्यक्ती सहसा निवड करत नाही. ती रेकॉर्डिंग करते आणि क्यू, म्हणजे कधी काय करायचं त्याचा इशारा, देते. त्या ढिगातून कास्टिंग डायरेक्टर काही नावं दिग्दर्शकाकडे पाठवतो, दिग्दर्शक आपली पसंती लावतो, मग जाहिरात संस्था बघते आणि शेवटी क्लायंट, म्हणजे ज्याची वस्तू आहे तो. प्रत्येक पायरीवर प्रश्न वेगळा असतो. दिग्दर्शक बघतो की या चेहऱ्यावर काही घडतंय का आणि सांगितलेला बदल या माणसाला करता येतो का. संस्थेला स्क्रिप्टमधली गंमत पोचते आहे का ते हवं असतं. क्लायंट विचार करतो, ‘आमचं गिऱ्हाईक स्वतःला या माणसात पाहील का?’

हे सगळे लोक एका बैठकीत अनेक टेप बघतात. कुणी फोनवर बघतं, कुणी आवाज बंद करून, कुणी पहिले काही सेकंद बघून पुढे जातं. म्हणून सराव करताना स्वतःची टेप एकदा आवाज बंद करून बघा. गोष्ट कळते का? नुसत्या चेहऱ्यावरून काय बदललं ते समजत नसेल, तर ओळ कितीही गोड म्हटली तरी फरक पडणार नाही.

बोलावणं येण्याआधी काय तयार हवं

ऑडिशनचा निरोप अनेकदा आदल्या संध्याकाळी येतो, कधी त्याच दिवशी सकाळी. तेव्हा धावपळ करून फोटो काढायला वेळ नसतो.

फोटो अलीकडचे हवेत आणि तुमच्यासारखे दिसणारे हवेत. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. दाढी काढली, केस कापले, वजन बदललं, की फोटो बदला. एक हसरा, एक गंभीर, एक पूर्ण उंचीचा, सगळे साध्या उजेडात आणि जुजबी मेकअपमध्ये. भारी पोर्टफोलिओपेक्षा असे चार फोटो जास्त कामाला येतात. जोडीला अर्ध्या मिनिटाचा ओळख-व्हिडिओ, उंची आणि कपड्यांची मापं, येणाऱ्या भाषा, आणि खरोखर येत असलेली कौशल्यं लिहून ठेवा. ‘पोहता येतं’ असं लिहिलंत, तर एक दिवस तुम्हाला पाण्यात उतरवतील.

दोन गोष्टी लोक विसरतात. पहिली म्हणजे पडद्यावर दिसणारं वय. जन्मतारीख काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. तुम्ही कॉलेजात जाणाऱ्या मुलाचे वडील वाटता की नुकतं लग्न झालेले, हे चार परक्या माणसांना विचारा. घरच्यांना विचारू नका, त्यांना तुम्ही नेहमीच तरुण दिसता. दुसरी म्हणजे केलेल्या जाहिरातींची यादी: कोणत्या प्रकारच्या वस्तूची, कधी चित्रित झाली, करार कधी संपतो. याचं कारण पुढे पैशांच्या भागात येईल.

ब्रीफ कसं वाचायचं

निरोपात, म्हणजेच ब्रीफमध्ये, बहुधा पात्राचं वर्णन, एखादी ओळ, चित्रीकरणाच्या तारखा आणि कपड्यांची सूचना असते. कधी स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची क्रमवार चित्रं, मिळतो, कधी नुसतं ‘आनंदी गृहिणी, वय ३० ते ३५’. जे मिळेल त्यातून एक जागा शोधायची: वळण. जवळपास प्रत्येक जाहिरातीत एक ‘आधी’ असतं आणि एक ‘नंतर’ असतं, आणि मधे काहीतरी पालटतं. अडचण सुटते, गैरसमज दूर होतो, कंटाळा जातो. ते वळण सापडलं की मग विचारा, वळणात वस्तूचा हात किती?

एक स्क्रिप्ट कल्पून बघू. जाहिरात भिंतीच्या रंगाची, २० सेकंदांची. आई कामावरून घरी येते, दार उघडते. मुलाने हॉलच्या भिंतीवर भलंमोठं चित्र काढून ठेवलंय. ती ओरडणार, एवढ्यात मुलगा म्हणतो, “ही तू आहेस.” ती चित्राकडे बघते आणि म्हणते, “नाक जरा मोठं झालंय.” मग निवेदन येतं: हा रंग पुसला की स्वच्छ होतो. आईच्या भूमिकेला अख्खी एकच ओळ, चार शब्दांची.

तयारी दाराबाहेरून सुरू होते. स्क्रिप्टमध्ये तिथलं काही लिहिलेलं नाही. ‘ती थकलेली आहे’ एवढ्याने भागत नाही, कारण थकवा दाखवायला गेलं की खांदे पाडून सुस्कारा टाकला जातो, आणि असे सुस्कारे त्या दिवशी खोलीत सगळेच टाकतात. त्याऐवजी तिला काहीतरी हवं असू द्या. समजा, तिला आत शिरल्या शिरल्या पर्स टाकून कोचावर आडवं व्हायचंय. आता ती भिंत तिच्या कोचाच्या आड आली. राग मुद्दाम आणावा लागत नाही.

मग दिसणं. डोळे आधी टिपतात, मन मानत नाही, आणि मग कळतं. नवखे नट थेट कळण्यावर उडी मारतात: दार उघडलं की लगेच तोंड वासलेलं. मधला अर्धा सेकंद, ज्यात ती नुसती बघते आहे आणि चेहऱ्यावर अजून काहीच नाही, तो ठेवा. बघणाऱ्याला खरा वाटतो तो हाच क्षण.

“ही तू आहेस” ऐकल्यावर लगेच विरघळायचं नाही. ओरडण्यासाठी घेतलेला श्वास अजून छातीत आहे, त्याला कुठेतरी जायला जागा हवी. मुलाकडून नजर पुन्हा भिंतीकडे जाते. मघाशी तिने भिंतीवरची घाण पाहिली होती, आता ती चित्र पाहते आहे. दोन्ही वेळा बघण्याची जागा एकच असली तरी नजर वेगळी असणार, आणि हेच या स्क्रिप्टचं वळण आहे. मग ओळ. ती अजूनही कडक राहायचा प्रयत्न करत म्हटली तर जमते. लाडाने म्हटली तर विनोद गेला.

आणि ओळीनंतर? क्लायंटचं लक्ष इथे असतं. निवेदक ‘पुसला की स्वच्छ’ म्हणेल ते तुमच्या चेहऱ्यावर. त्या वेळी चेहऱ्यावर ‘आता ही भिंत कोण रंगवणार’ ही काळजी शिल्लक राहिली, तर रंग विकला गेला नाही. तिला खर्चाची चिंता नाही, ही निर्धास्ती तिथे दिसायला हवी. ओळ म्हणून झाली की थांबू नका, ‘कट’ म्हणेपर्यंत त्या घरात राहा. कित्येक चांगल्या टेप शेवटच्या दोन सेकंदांत पडतात: ओळ संपते आणि नट ‘कसं झालं?’ अशा नजरेने कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघतो.

हाच प्रसंग आधी ओळ गाळून करा. मग तो ३० सेकंदांत, २० सेकंदांत आणि १० सेकंदांत करून बघा, घड्याळ लावून. खोलीत ‘जरा पटकन’ हमखास ऐकू येतं. त्या वेळी बोलण्याचा वेग वाढवण्यापेक्षा विचार लवकर पालटता आला पाहिजे.

चेहऱ्याने किती करायचं, ही शंका इथे येतेच. सुमारे शंभर वर्षांपूर्वी सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला. सूपच्या वाडग्यानंतर प्रेक्षकांना त्यात भूक दिसली, शवपेटीनंतर दुःख. जाहिरातीत तर तुमच्या चेहऱ्याच्या आगे-मागे वस्तू, संगीत, निवेदन सगळं जोडलेलं असतं. तेव्हा निम्मं काम संकलक करणार आहे. पण एक मेख आहे. ऑडिशनच्या टेपवर संकलन नसतं, तिथे निव्वळ कोरा चेहरा कोराच दिसतो. म्हणून ऑडिशनमध्ये विचार पूर्ण ठेवा, हालचाल थोडी ठेवा. भुवयांना विश्रांती द्या.

ओळ आणि तिची चाल

ओळ पाठ हवीच, पण चालीसकट पाठ करू नका. एकदा चाल बसली की दिग्दर्शकाने ‘हेच जरा चिडून म्हण’ सांगितल्यावर तोंडातून जुनीच चाल बाहेर येते. पाठ करताना भांडी घासत, जिने चढत, कपड्यांच्या घड्या घालत म्हणा. शब्द पक्के होतात, सूर मोकळा राहतो.

वस्तूचं नाव येतं तिथे बहुतेकांचा आवाज अचानक सणासुदीचे कपडे घालतो. ते टाळा. नाव स्पष्ट हवं, उच्चार बरोबर हवा, म्हणून नवीन नाव असेल तर खोलीत जाण्याआधी विचारून घ्या. पण वजन त्या नावाआधीच्या गरजेवर द्या. “सकाळपासून डोकं दुखतंय” हे खरं वाटलं, तर पुढच्या गोळीच्या नावावर जोर द्यावा लागत नाही.

थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं असेल, म्हणजे ‘मी वापरते, तुम्हीही वापरा’ छापाचं, तर लेन्सच्या जागी एक ठरावीक माणूस ठेवा: अशी मैत्रीण जिचा या गोष्टीवर विश्वास नाही. ‘तमाम प्रेक्षक’ डोळ्यांसमोर आणले की भाषण होतं. शांत, स्पष्ट बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द जातात. परिच्छेद मोठा असेल तर आधी मोजून घ्या, म्हणजे दम कुठे घ्यायचा ते ठरवता येतं.

शेवटी आपल्या मनाची एखादी छोटी भर घालावी का? ओळीनंतर एखादा उद्गार, एखादी नजर? एका टेकमध्ये, विनोदी स्क्रिप्ट असेल तर, जरूर. पहिला टेक मात्र लिहिल्याबरहुकूम द्या. तीन-तीन वाक्यं जोडणाऱ्या नटांबद्दल मला आदर आहे, पण ती टेप पुढे जाताना मी क्वचितच पाहिली आहे.

हातातली वस्तू, तोंडातला घास

ऑडिशनला खरी वस्तू असेलच असं नाही. एखादी रिकामी बाटली किंवा तुमचा फोनच वस्तू म्हणून हातात देतात. घरी त्याच आकाराचं काहीतरी घेऊन सराव करा. लेबल कॅमेऱ्याकडे, बोटं नावावरून बाजूला, वस्तू चेहऱ्याच्या जवळ आणि छातीच्या वर, नाहीतर ती फ्रेमबाहेर जाते. उचलताना एका झटक्यात योग्य बाजू समोर येईल असं आधी ठेवून घ्या. आणि वस्तूकडे प्रेमाने टक लावून बसू नका. रोजच्या वापरातली चीज माणूस न बघताही उचलतो.

खाण्याच्या जाहिरातीत घास नसतानाच खाऊन दाखवायला सांगतात. इथे सगळे चावण्यावर भर देतात, पण खाणं त्याआधी सुरू होतं: वास येतो, घास जवळ येताना तोंड जरा आधी उघडतं, पहिल्या चाव्यानंतर जबडा क्षणभर थांबतो, आणि चव कळते ती तेव्हा. डोळे मिटून मान डोलावणं जाहिरातींनीच इतकं झिजवलंय की ते न केलंत तर वेगळे उठून दिसाल. प्रत्यक्ष चित्रीकरणात अनेक टेक होतात म्हणून कट झाल्यावर घास थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोणत्याही पदार्थाची ॲलर्जी असेल किंवा एखादी गोष्ट तुम्ही खात नसाल, तर ते ऑडिशनलाच सांगा. सेटवर सांगणं फार उशिराचं ठरतं.

कपडे

यावर लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. बारीक रेघा आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यावर झिलमिलतात, अगदी पांढरा रंग उजेडात इतका उजळतो की तपशील पुसले जातात, गडद काळ्यात शरीराचा आकार हरवतो, लोगो चालत नाहीत, हिरव्या पडद्यासमोर हिरवा कपडा तर नकोच. खुळखुळणारे दागिने माइकमध्ये ऐकू येतात. पात्राचा नुसता इशारा पुरे: डॉक्टरच्या भूमिकेला इस्त्रीचा शर्ट हवा, स्टेथोस्कोप घरी राहू द्या.

खोलीत

ठरल्या वेळेच्या वीसेक मिनिटं आधी पोचा. नाव नोंदवा आणि तिथे लावलेली स्क्रिप्ट पुन्हा वाचा, कारण ती कालच्यापेक्षा वेगळी असू शकते. बाहेर बसलेले सगळे तुमच्यासारखेच दिसत असतील. याने खचणारे पुष्कळ भेटतात, पण त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही योग्य रांगेत आहात.

आत गेल्यावर तीन प्रश्न विचारण्यासारखे असतात: फ्रेम केवढी आहे, समोरचं पात्र कुठे आहे असं समजायचं, आणि वस्तू हातात आहे का. फ्रेम छातीपर्यंत असेल तर हातवारे वाया जातात आणि डोळे मोठे दिसतात. पूर्ण उंचीची असेल तर उभं राहण्यातूनच पात्र कळायला हवं. नजरेच्या जागा लेन्सच्या जवळ ठेवा. आपल्या उदाहरणात मुलगा लेन्सच्या डावीकडे थोडा खाली आणि भिंत उजवीकडे थोडी वर ठेवली, तर दोन्ही वेळा तुमचे दोन्ही डोळे दिसतात. भिंत एका अंगाला दूर ठेवलीत, तर वळण आलं नेमकं तेव्हा कॅमेऱ्याला तुमचा कान दिसेल.

ओळख देताना नाव, वय विचारलं तर वय, उंची, तारखांना मोकळे आहात का. हे सांगतानाही तुमची निवड चाललेली असते. एवढ्याच वेळात क्लायंटला तुम्ही स्वतः म्हणून दिसता. गायल्यासारखं किंवा शाळेत हजेरी दिल्यासारखं सांगू नका. मग प्रोफाइल, म्हणजे चेहऱ्याची एकेक बाजू: सावकाश वळा, एक सेकंद थांबा, परत समोर या. हात दाखवायला सांगितले तर पुढून-मागून दाखवा, कारण वस्तू त्यांत असणार आहे.

पहिल्या टेकनंतर काहीतरी बदल सांगतील. याचा अर्थ पहिला टेक वाईट होता असा नसतो, बऱ्याचदा उलटंच असतं: ज्याच्यात काही दिसलं त्याच्यावरच दुसरा टेक खर्च करतात. सूचना ऐका, कळली नसेल तर एकदाच विचारा, आणि मग फरक ठसठशीत दिसेल एवढा बदला. ‘थोडं कमी’ म्हटल्यावर नट थोडंसंच कमी करतो आणि टेपवर दोन्ही टेक सारखे दिसतात. निम्म्यावर या. ओळ चुकली तर ‘सॉरी’ म्हणून कट करू नका, पात्रातच राहून पुढे जा. चुकून अडखळलेलं वाक्य कधीकधी सर्वांत खरं वाटतं.

जोडीदार म्हणून अनोळखी व्यक्ती दिली, नवरा-बायको किंवा बापलेक म्हणून, तर बाहेर बसल्या बसल्याच ओळख करून घ्या आणि ओळी एकमेकांबरोबर म्हणून बघा. खांद्यावर हात ठेवायचा, मिठी मारायची, तर आधी विचारा. पडद्यावरचं नातं समोरच्याचं ऐकण्यातून दिसतं, लगट करण्यातून नाही. समोरची व्यक्ती कमकुवत असेल तरी तिची उणीव भरून काढायला जाऊ नका. तिचं बोलणं मनापासून ऐकलंत तर टेपवर तुमचंच भलं होतं.

घरून पाठवायची टेप

आता पहिली फेरी पुष्कळदा फोनवरच होते. फोन आडवा धरा, अर्थात उभा मागितला नसेल तर. मागचा कॅमेरा वापरा, १०८०पी पुरे, वेग सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम. चेहरा सुंदर करणारं फिल्टर बंद हवं. फोन डोळ्यांच्या उंचीवर स्टँडला लावा आणि जरा लांब ठेवा. हातभर अंतरावरच्या रुंद लेन्समध्ये नाक पुढे येतं. दोनेक मीटरवर ठेवून थोडं झूम केलं तर चेहरा आहे तसा दिसतो. फोकस आणि उजेडाची पातळी लॉक करा, नाहीतर तुम्ही हललात की चित्र उजळतं-मंदावतं.

मागे साधी भिंत आणि तिच्यापासून मीटरभर अंतर, म्हणजे सावली पडत नाही. खिडकी समोर हवी. ती पाठीमागे असेल तर तुम्ही काळी आकृती व्हाल. दिव्यांखाली चित्र लुकलुकत असेल तर शटरचा वेग (सेकंदाचा कितवा भाग) बदला: ५० हर्ट्झची वीज असेल तिथे १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तिथे १/६० किंवा १/१२०. आवाजासाठी पडदे आणि गाद्या असलेली लहान खोली बरी, रिकाम्या खोलीत घुमतं. समोरच्याच्या ओळी म्हणणारी व्यक्ती लेन्सच्या अगदी शेजारी उभी करा आणि तिला हळू बोलायला सांगा. ती फोनच्या माइकजवळ असल्यामुळे तिचाच आवाज मोठा येतो.

दोन टेक पाठवायला सांगितले असतील तर दोन खरोखर वेगळे पाठवा. सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन सेकंद शांतता ठेवा. फाइलचं नाव सांगितलंय तसंच द्या. शेकडो फायलींमध्ये ‘फायनल_नवीन_२’ कुणाला सापडणार?

कॉलबॅक, होल्ड आणि पैसे

पुन्हा बोलावलं, म्हणजे कॉलबॅक आला, तर तेच कपडे, तशीच केशरचना. त्यांनी त्या टेपमधल्या माणसाला बोलावलंय. या वेळी दिग्दर्शक समोर असतो, कधी क्लायंटही. पहिल्या वेळचं तसंच करा, पण बदलायला तयार राहा. आता ते बघतात की तुमच्याबरोबर अख्खा दिवस काम करणं जमेल का.

मग ‘तारखा धरून ठेवा’ असा निरोप, म्हणजे होल्ड, येऊ शकतो. याला काम मिळालं असं समजू नका. त्या तारखांवर पहिला हक्क त्यांचा, एवढाच त्याचा अर्थ. दुसरं काम चालून आलं तर आधी त्यांना कळवून विचारा. गपचूप दुसरं काम घेणाऱ्याचं नाव लक्षात ठेवलं जातं.

पैसे ठरवताना रक्कम ऐकून हो म्हणण्याआधी हे लेखी घ्या: किती दिवसांचं चित्रीकरण, जाहिरात कुठे दिसणार (टीव्ही, इंटरनेट, छापील, होर्डिंग), कोणत्या प्रदेशात, किती काळ, आणि मुदत संपल्यावर पुन्हा वापरली तर किती. तीच रक्कम एका वर्षासाठी चांगली आणि ‘कायमस्वरूपी, जगभर’साठी अगदी तुटपुंजी असू शकते. वापराचे पैसे हा किरकोळ मुद्दा नाही. २००० साली अमेरिकेतले जाहिरात कलाकार जवळपास सहा महिने संपावर होते, आणि जाहिरात जितक्या वेळा दाखवली जाईल त्यानुसार मोबदला मिळण्याची पद्धत टिकवणं हा त्यातला कळीचा मुद्दा होता. अलीकडे आणखी एक कलम बघावं लागतं: तुमच्या चेहऱ्याची किंवा आवाजाची संगणकीय नक्कल बनवायचा हक्क करारात कुठे लपला आहे का. असेल तर तो या एकाच जाहिरातीपुरता आणि मुदतीपुरता बांधून घ्या, किंवा काढायला सांगा.

आता केलेल्या जाहिरातींच्या त्या यादीचं कारण. एका टूथपेस्टच्या जाहिरातीत तुमचा चेहरा चालू असताना प्रतिस्पर्धी टूथपेस्टमध्ये तुम्ही चालत नाही. करारात तशी बंदी असेल तर ती किती काळ आणि नेमकी कोणत्या प्रकारच्या वस्तूंना, हे पाहा. ‘टूथपेस्ट’ आणि ‘सर्व वैयक्तिक निगेची उत्पादनं’ यांत तुमच्या वर्षभराच्या कमाईचा फरक पडू शकतो. ऑडिशनला विचारलं की खरं सांगा. लपवलेलं चित्रीकरणाच्या तोंडावर उघड झालं तर कामही जातं आणि नुकसानीची गोष्टही निघते.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी, ‘निवड पक्की’ करण्यासाठी पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो. अमुकच स्टुडिओतून पोर्टफोलिओ काढा असा आग्रह झाला तरी तेच समजा. पत्ता हॉटेलच्या खोलीचा किंवा कुणाच्या घराचा असेल, ब्रीफमध्ये नसताना कपडे उतरवायला सांगत असतील, तर कारण न देता निघा. मुलांच्या ऑडिशनला पालकांना दिसेल-ऐकू येईल अशी व्यवस्था हवी. बँकेचे तपशील आणि ओळखपत्रं करार झाल्यावरच द्यावीत.

ऑडिशन झाल्यावर

वहीत चार गोष्टी टिपा: कुणी घेतली, काय घातलं होतं, कोणता बदल सांगितला, तारखा कोणत्या. निकाल विचारायला फोन करू नका. निवड झाली नाही तर बहुधा कळवतही नाहीत. कुटुंबाची जाहिरात असेल तर मुलाचा चेहरा आधी ठरतो आणि आई-बाप त्याला जुळणारे शोधतात. तुमचं काम कितीही चांगलं झालं तरी नाक त्या मुलाशी जुळलं नाही एवढ्यानेच टेप बाजूला पडते.

काही महिन्यांनी ती जाहिरात लागली तर शोधून बघा. आवाज बंद करा, वळणाच्या जागी थांबवा, आणि तिथे निवडलेल्या नटाने काय केलं ते तुमच्या टेपशेजारी ठेवून पाहा. कधी दिसेल की मधला अर्धा सेकंद त्याने ठेवला होता आणि तुम्ही खाल्ला होता. कधी स्क्रिप्टच बदललेली असेल, आईच्या जागी आजोबा आले असतील. मग त्या टेपमध्ये शोधण्यासारखं काही नाही, वहीतलं पान उलटा.